दिवस तीनच असतात

माझ्या आईला काही दुखणं नव्हतं. असं घरात सगळे म्हणायचे, तीही म्हणायची. फक्त तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता, विहिरीवरून एक हंडा आणताना ती दोनदा खाली बसायची, आणि मला शाळेतून काढलं होतं. निमगाव साव्याच्या शाळेत मी चौथीत होते. "आईला जरा उभारी येऊस्तवर घरी ऱ्हा," वडील म्हणाले होते. दिवाळी गेली तरी ती उभारी काही येईना. मी चुलीपुढं धुसफुसत भाकरी करपवत होते.

कावळा शिवला की आई तीन दिवस चुलीपासून लांब. शेताला मात्र विटाळ नव्हता. खुरपायला तिनं जायचंच. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की बाई मोकळी. त्यानंतरही अंगावरून जात राहिलं तर ते कशात धरायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. आईचं पंधरा-पंधरा दिवस थांबत नसे. मला हे ठाऊक होतं, कारण ओढ्यावर फडकी धुवायला जाताना ती मला बरोबर न्यायची आणि कुणी येतंय का बघायला काठावर उभी करायची.

पौषात कांद्याची लागण तोंडावर आली आणि आई वाफ्यातच कोसळली. तेव्हा कुठं वडिलांनी एस.टी.नं जुन्नरचा दवाखाना गाठायचं ठरवलं. धाकट्या भावाला कडेवर घ्यायला म्हणून मलाही नेलं.

डॉक्टरांनी आईची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या. "दर महिन्याला किती दिवस जातं?" आई भिंतीकडं बघत राहिली. समोर परका पुरुष, शेजारी नवरा. शेवटी पदराआडून तिनं तीन बोटं दाखवली.

ती खोटं बोलत नव्हती. तिला दिवस विचारले होते, आणि दिवस तीनच असतात.

डॉक्टर कागदावर लिहू लागले. मला काही सुचेना. भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, दाराशी गेले, परत आले. "पोरी, एका जागी थांब की," वडील खेकसले. आता चिठ्ठी हातात पडणार, आपण घरी जाणार, आणि माझा जन्म चुलीपुढं जाणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग तोंडातून निघूनच गेलं, "तीन न्हाई. पंदरा दिस जातंय तिचं. मी बगितलंय."

वडिलांची मान खाली गेली. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. डॉक्टरांनी लेखणी ठेवली आणि नर्सबाईंना हाक मारली.

आईला तिथंच ठेवून घेतलं. आत एक गाठ होती, ती काढली. नंतर बाटलीतलं काळं, कडू औषध दोन वेळा. शिमग्यापर्यंत ती एका खेपेला दोन हंडे आणू लागली, कांद्याच्या खुरपणीला सगळ्यांच्या पुढं राहू लागली. वडील पारावर सांगत सुटले, "बाई उभी राह्यली तर घर उभं ऱ्हातं, राव!" जसा काही हा शोध त्यांनीच लावला होता. मला हसू यायचं आणि रागही.

आई मात्र माझ्याशी धड बोलत नव्हती. शाळेत परत जायच्या दिवशी ती माझी वेणी घालत होती. मला राहवलं नाही. "तुझ्यासाठीच बोलले व्हते मी," मी म्हटलं.

तिनं केसाला असा हिसका दिला की डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यासाठी न्हाई. साळंसाठी बोललीस. आन तुजा बा घेऊन गेला तो कांद्यासाठी." आवाजात राग नव्हता, त्यानं मी जास्तच घाबरले. "बरं झालं तुमा दोगांची अडचण व्हती. नुसती माझ्यासाठी कोण एवढ्या लांब गेलं असतं?"

मी गेले असते, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खरं नव्हतं, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.