तांडेलाने बांधून ठेवलेला कॉम्प्युटर

ती गोष्ट विसरता आली असती तर बरे झाले असते. चोऱ्या, मारामाऱ्या, दोन-तीन खून, सगळे आता डोक्यात एकमेकांत मिसळले आहे. ही तेवढी वेगळी राहिली. कोणी मेले नव्हते, काही चोरीलाही गेले नव्हते. एका घरातला कॉम्प्युटर बिघडला होता.

नोकरीची शेवटची वर्षे मी बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात एका ठाण्यात हवालदार होते. सातवी पास होऊन पोलिसात लागले होते. ठाण्यात कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्या खोलीत जायचे टाळत असे.

एका सकाळी समुद्रकाठच्या नवापूरकडचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सुनेला घेऊन आला. बसायच्या आधीच बोलायला लागला.

"बाय, त्या कारागिराला आत टाका. मशीनमधला नवा कार्ड काढून त्याने जुना घातला हाय."

सून घरी बसून वाढदिवसाचे, लग्नाचे, पुढाऱ्यांचे बॅनर बनवायची. पडद्यावर चित्र नीट दिसावे म्हणून बोईसरच्या बाजारातल्या कारागिराने मशीनमध्ये एक कार्ड बसवून दिले होते. तेव्हापासून काम करता करता पडद्यावर रंगीत पट्टे यायचे, माणसांचे चेहरे फाटायचे, आणि मशीन आपोआप बंद होऊन परत सुरू व्हायचे. केलेले काम जायचे. तीन वेळा कारागिराकडे नेले, तिन्ही वेळा तो म्हणाला, मशीन ठीक आहे.

मी सुनेला विचारले, "असंच झालं का?"

ती सासऱ्याकडे बघून म्हणाली, "बाबा सांगतात तसंच."

मी तेच लिहून घेतले.

आम्ही जीप घेऊन बाजारात गेलो. कारागीर परप्रांतातला, चाळिशीचा, जवळच्या सरावलीत खोली घेऊन राहणारा. एका दुकानाच्या पायरीवर टेबल टाकून काम करायचा. गावाकडे बायको आणि तीन मुली त्याच टेबलावर जगत होत्या. त्याला उठवून गाडीत घातले.

दुपारी आमचा एक खबऱ्या आला. म्हणाला, त्याच्या खोलीवर जुन्या कार्डांचा खोका आहे, बघा. गेलो तर खोका होता. पंचनामा केला. खबऱ्याचा मेहुणा त्याच बाजारात तेच काम करतो, हे मला नंतर कळले. आधी विचारायला हवे होते.

"हा खोका कशाला?" मी कारागिराला विचारले.

"भंगार है मैडम. इसमें से पुर्जा निकालता हूँ."

"आणि यांचं मशीन?"

"मेरे टेबल पे चलता है. इनके घर में बिगड़ता है. मैं क्या करूँ?"

"म्हणजे घरात भूत आहे?"

"वो आप उनसे पूछो."

मला ते उलट उत्तर वाटले. मी त्याच्या कानाखाली दिली. तो गप्प झाला. चोर गप्प होतो आणि खरे बोलून दमलेला माणूसही गप्प होतो. इतक्या नोकरीनंतर मला त्यातला फरक कळायला हवा होता. त्या दिवशी कळला नाही.

साहेब म्हणाले, फसवणुकीचा गुन्हा दाखल करून टाका. गुन्हा दाखल झाला असता तर त्याचे टेबल गेलेच असते. मी दोन दिवस मागून घेतले, पण दयेने नव्हे. कागद कच्चा होता. कार्डाच्या बिलावर नंबर होता आणि तो अजून कोणी ताडून पाहिला नव्हता. कारागिराला सांगितले, सकाळी हजेरीला यायचे, संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचे.

दुसऱ्या दिवशी मशीन ठाण्यात आणून उघडले. कार्डावर बिलावरचाच नंबर होता. साहेब म्हणाले, "नंबरची चिठ्ठी चिकटवता येते, बाई." मग मी सुनेला बोलावून घेतले आणि ठाण्यातच रोजचे काम करायला बसवले. अकरापासून तीनपर्यंत तिने बॅनर बनवले. एकही पट्टा आला नाही, मशीन एकदाही बंद पडले नाही. कारागीर बाकावरून नुसता बघत होता. "मी म्हणालो होतो" असे तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला बरे वाटले असते.

आमचा कॉम्प्युटरवाला शिपाई म्हणाला, घरातल्या विजेचा दोष असेल. म्हणून तिसऱ्या दिवशी मशीन, सून आणि कारागीर यांना घेऊन मी तांडेलाच्या घरी गेले. दारात बोंबील वाळत होते. कारागिराने मीटर लावून वीज तपासली. वीज ठीक होती. आता मात्र माझे डोके दुखायला लागले.

मी ओट्यावर टेकले. म्हटले, "रोज जसं ठेवता तसं ठेवा आणि काम करा."

सुनेने वायरी जोडल्या. तांडेल उठला. आतून जाड प्लास्टिक आणले, मशीनच्या डब्याला चारी बाजूंनी गुंडाळले, वायरींपुरती फट ठेवली आणि जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीने आवळून बांधले. सदरा घालताना चालतात तसे सवयीने हात चालले होते.

"हे काय?" मी विचारले.

"खारी हवा हाय ना, बाय. गंज धरते. बोटीवरचा वायरलेस आमी असाच बांधतो. दहा वर्सं झाली, काय नाय झाला त्याला."

कारागीर कपाळाला हात लावून खाली बसला.

पाऊण तासात पडद्यावर पट्टे आले. मग मशीन बंद पडून परत सुरू झाले. मी प्लास्टिक सोडायला लावले आणि डब्याला हात लावला. भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. कारागिराने सांगितले, नवे कार्ड जास्त तापते, आतल्या पंख्याला हवा लागते. इथे हवाच कोंडली होती. दुकानात न्यायच्या वेळी वायरी सुटायच्या, तसे प्लास्टिकही सुटायचे. म्हणून तिथे सगळे ठीक.

मी सुनेला बाजूला घेतले. "तुला माहीत होतं?"

"वाटत होतं. एकदा बोलले, तर बाबा म्हणाले, दर्या मी बघितलाय का तू?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी ते समोर असताना विचारलंत."

तांडेलाने प्लास्टिकची घडी घातली. मग कारागिरावरच खेकसला, "तू एकदा तरी घरी का नाय आलास बघायला?"

"बुलाया किसने, चाचा?"

तक्रार मागे घेतली. साहेबांनी कारागिराला सोडले. तो चालत बाजारात गेला आणि तासाभराने परत आला. दुकानमालकाने पायरी एका भाजीवाल्याला दिली होती.

मी मालकाला जाऊन भेटले. सांगितले, माणूस निर्दोष आहे.

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही गाडीत घालून नेलात ते आख्ख्या बाजाराने बघितलं. सोडलात ते कोणी बघितलं?"

आणताना जीप आणि सोडताना पायी, ही आमची रीतच होती.

तांडेलाला निरोप धाडला, उद्या अकराला बाजारात यायचे. तो आला. आयुष्यभर एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर ओरडून बोललेला माणूस, त्याला हळू बोलता येत नाही. भरल्या बाजारात तो म्हणाला, "चूक माझी होती. या मानसाने काय नाय केला." भाजीवाल्यानेही मान वर करून पाहिले. मी वर्दीत कारागिराशेजारी स्टुलावर अर्धा तास बसले आणि चहा प्यायले. पायरीची अर्धी जागा त्याला परत मिळाली. उरलेली अर्धी मिळाली नाही.

थोबाडीत मारल्याची माफी मी मागितली नाही. चहाचा कप हातात होता, शब्द जवळपास आले होते, पण वर्दीत ते जमले नाही. आज लिहिते आहे, पण तो हे वाचणार नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दोन गोष्टी केल्या. घरातल्या सुनेचा जबाब एकटीचा घेतला. आणि ज्याला सोडले त्याला भर दिवसा, जिथून उचलले होते तिथेच नेऊन पोचवले. बरोबरचे हसायचे. म्हणायचे, "बाई, सुटलेल्या माणसाला कशाला गाडी?"

मी म्हणायचे, "आणला आपणच होता ना? मग चला."