साहेबांच्या बायकोचे लाडू

डबा बाईंनी माझ्या हातात दिला नाही. दाराबाहेर, चपलांशेजारी ठेवला. रिकामा.

"घेऊन जा," म्हणाल्या आणि दार लावलं.

सदाशिव पेठेतला दुसरा मजला. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, मी फराळाचा डबा परत न्यायला गेले होते. बाई एका मोठ्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याच्या पत्नी. पाच मिनिटांपूर्वी मला आत बसवून त्या लाडवांचं कौतुक करत होत्या. डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात साखर भरून आणली होती. "तुमच्या साहेबांच्या मिसेसच्या हाताला चव आहे हो."

मला राहवलं नाही. म्हटलं, लाडू मी केलेत.

"अगं बाई! आपण कुठल्या? आडनाव काय?"

गाव सांगितलं, भंडाऱ्याकडचं. आडनावही सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. त्या डबा घेऊन आत गेल्या आणि साखर बरणीत परत ओतल्याचा आवाज मी बाहेरच्या खोलीतून ऐकला. पोटात गेलेले लाडू मात्र त्यांना परत करता येणार नव्हते.

हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. वीज गेली तरी कॉम्प्युटर चालू ठेवणारे यूपीएस आम्ही कंपन्यांना विकायचो. साहेब आम्हाला शिकवायचे, आधी द्यायचं, मागायचं नंतर. घेतलेल्याचं ओझं झालं की माणूस आपसूक वाकतो. डायऱ्या, पेनं सगळेच देतात, ती खणात पडतात. म्हणून साहेबांनी गिऱ्हाइकांच्या घरी दिवाळीचा फराळ पाठवायला सुरुवात केली, स्टीलच्या डब्यातून. आपल्याकडे कुणी डबा रिकामा परत करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. डबा भरून यायचा. मागोमाग ऑर्डर यायची.

लाडू माझे असायचे. साहेब जात मानत नव्हते ना! ऑफिसात माझ्या डब्यातलं मिटक्या मारत खायचे. "तू घरचीच आहेस," म्हणाले आणि चाळीस घरांचे लाडू माझ्या गळ्यात घातले. बेसन भाजून भाजून खांदे भरून यायचे. डब्यावरच्या चिठ्ठीवर नाव साहेबांच्या बायकोचं, वहिनींचं. मला त्याचाही अभिमान वाटायचा. इतकी मी मूर्ख.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ऑर्डर अडकली होती. रागावले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, बाईंकडे जा, उगाच फुशारकी मारली म्हणून सांग, लाडू वहिनींचेच होते म्हण.

"गावाकडून आलीस तेव्हा तुला दारात कुणी उभं केलं नसतं. मी केलं. माझ्यासाठी एवढं करणार नाहीस?"

खरं सांगते, माझी मान हलायला लागली होती. घरी पैसे मीच पाठवायची. नोकरी गेली तर खोलीचं भाडंही निघणार नव्हतं. आणि मग लक्षात आलं, हे वाक्य मला पाठ आहे. आधी द्यायचं, मागायचं नंतर. तीन वर्षं मी हेच गिऱ्हाइकांवर चालवत होते आणि तीन वर्षं ते माझ्यावर चालत होतं. लाज वाटली. त्यांची नाही, माझी. नोकरी त्यांनी दिली, पण उन्हातान्हात स्कूटर मी दामटली, ऑर्डरी मी आणल्या. ते देणं कधीच फिटलं होतं.

"लाडू मीच केले, साहेब. तुम्हीही खाल्लेत."

मी चहा तसाच ठेवून उठले. नोकरी गेलीच, त्या महिन्याचा पगारही मिळाला नाही.

मी अजूनही माल विकते. स्वतःचा. फुकट काही देत नाही, फुकटचं काही घेत नाही. नव्या गिऱ्हाइकाकडे गेले की पूर्ण नाव सांगते, आडनाव जरा मोठ्यानं. ज्याला दार लावायचंय त्यानं तेव्हाच लावावं. माझ्या हातचं खाऊन झाल्यावर लावू देणार नाही.