न धुतलेला हात

त्या पत्र्याच्या खानावळीत मी पुन्हा पाय ठेवला नाही, आणि तिथल्यासारखं मटण दुसरीकडे कुठं खाल्लंही नाही.

बीडच्या रस्त्याला ती होती. चार लोखंडी टेबलं, बाहेर चुलीवर भाकरी थापणाऱ्या सासू-सुना. पाटी नव्हती. दुष्काळाचं साल. चारा नाही म्हणून लोक शेळ्या-बोकडं मिळेल त्या भावात विकत होते, त्यामुळे मटणाला तोटा नव्हता. तोटा पाण्याचा होता. पिण्यापुरता एक तांब्या मिळायचा. हात धुवायच्या जागी मालकाने वर्तमानपत्राचे तुकडे खिळ्याला अडकवून ठेवले होते.

मी जेवायला गेलो नव्हतो. मला साखर कारखान्याच्या एका संचालकाला गाठायचं होतं. विहीर आटून माझा तीन एकर ऊस उभ्या उभ्या वाळत होता. माझ्यासकट गावातल्या दहाजणांची तीच गत. आम्ही सगळे सभासद, नोंदी वेळेवर केलेल्या, पण तोडणीच्या टोळ्या संचालकांच्या सोयऱ्यांच्या फडात जायच्या. शेवटी आमचं ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाजणांनी कारखान्याच्या ऑफिससमोर बसायचं, टोळी मिळेपर्यंत उठायचं नाही. त्याआधी एकदा बोलून बघ म्हणून त्यांनी मला पाठवलं. मी दहा हंगाम दुसऱ्यांचा ऊस तोडलेला माणूस. पुढं बैलबाजारात दलाली केली, तिच्यावर जमीन घेतली. सौदा करावा तर यानेच, असं गाव म्हणायचं. मीही म्हणायचो.

"या व्यापारी," संचालक म्हणाला. "बसा. ए, एक ताट लाव रे पाव्हण्याला."

"आधी बोलू. मग जेवू."

"उपाशी माणूस भांडतो, राव. तुमी तर जेवूनबी भांडता!"

त्याच्याबरोबरचे हसले. मी सकाळपासून चहावर होतो. ताट आलं आणि मी बसलो.

काळा रस्सा, येसराचा मसाला घातलेला, वर बोटभर तर्री. बुक्कीने फोडलेला कांदा. गरम भाकरी कुस्करली, तिच्यावर रस्सा ओतला, आणि पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. तिखटाने आलं, असं म्हणू. मालकाची पोरगी पुन्हा पुन्हा रस्सा वाढत होती. संचालकाने स्वतःच्या ताटातली नळी उचलून माझ्या ताटात टाकली. ती मी ताटावर आपटून, ओढून, चोखून रिकामी केली. घरात महिनाभर चटणी-भाकर चालली होती. तिसऱ्या भाकरीपर्यंत मला ऊस आठवला नाही, विहीर आठवली नाही, पाठवणारे नऊजण तर नाहीच.

मान वर केली तेव्हा संचालक उठला होता.

"बघतो तुमचं. टोळी आली की पयली तुमच्याकडं."

"माझ्याकडं न्हाई, दहाजणांकडं," मी म्हणालो, पण तोंडात घास होता. जीप निघून गेली. बाजारात अशा मोघम शब्दावर मी कुणाचं वासरू सोडलं नसतं. कागदाला हात पुसला. तेल तसंच राहिलं, वर शाई लागली.

गावात सोसायटीच्या ओट्यावर सगळे वाट बघत होते.

"बघतो म्हणला," मी सांगितलं. "पक्कं काई न्हाई. उद्या बसायचंच."

खोटं काहीच बोललो नाही. फक्त जेवल्याचं सांगितलं नाही. तेवढ्यात माझ्या चुलत्याने तंबाखू मागितली. मी तळहातावर मळून दिली. त्याने चिमूट ओठाशी नेली आणि थांबला. मग माझं मनगट धरून हात नाकाशी घेतला.

"मटन."

त्याने माझा हात सोडला.

"त्यानं चारलं?"

"चारलं. मग?"

"मग काई न्हाई. एकट्याचं काय ठरलं, तेवढं सांग."

भूक लागली होती, खाल्लं, एवढं शांतपणे म्हणालो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण माझं डोकं फिरलं. "तुमच्यासाठी गेलतो बे मी!" म्हणून ओरडलो, शेजारी बसलेल्याची गचांडी धरली. त्याच हाताने. त्याने नाक फिरवलं.

सकाळी ऑफिससमोर मी एकटाच बसलो. दुपारी शिपाई म्हणाला, "भाऊ, एका माणसाला कोण बघतंय? घरी जावा." बाकीचे नऊजण नंतर आपापले गुपचूप जाऊन हातापाया पडून आले. टोळी कुणालाच मिळाली नाही.

माझाही ऊस वाळला. खोटं कशाला बोलू, पानं पिवळी पडायला लागली तेव्हा आत कुठंतरी बरं वाटलं. आता तरी यांना कळेल, मी काही ठरवलं असतं तर माझा फड असा उभा राहिला असता का? चुलता बांधावर आला. फडाकडं बराच वेळ बघत राहिला.

"लई ताणलं असशील," तो म्हणाला. "तुझा सभावच हाय तसा. मोडला असंल सौदा."

आणि गावाने तेच धरलं. आजही तेच धरून आहे.

शेवटी ऊस चारा छावणीला वैरण म्हणून दिला. छावणी त्याच संचालकाच्या मेव्हण्याची. तोडायला माणसं लावणं परवडत नव्हतं. मी आणि बायको, दोघंच कोयते घेऊन उतरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सरीत टेकली, पदराने मान पुसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता तरी खरं सांगा. काय मागितलंत तुमी त्याला?"

मी मोळी बांधत राहिलो.