तापाचं पिस्तूल

कोरोनाच्या दिवसांत आमच्या म्हैसूरच्या मुलींच्या खो-खो संघाचा व्यवस्थापक मैदानाच्या फाटकावर ताप मोजायचं पिस्तूल घेऊन उभा असे. त्याचा स्वतःचा मास्क हनुवटीवर, कारण "मास्क वर घ्या!" असं ओरडताना तो मध्ये येई. खो-खोचे खांब सॅनिटायझरने लख्ख पुसायचा आणि मग सगळ्या मुलींना एकाच बाटलीतून पाणी पाजायचा.

हुणसूरच्या सामन्याच्या सकाळी संघातल्या सगळ्यात चपळ मुलीच्या कपाळावर पिस्तूल किंचाळलं. "ऊन लागलंय, मरी, एनू इल्ला, काही नाही गं पोरी," म्हणत त्याने मनगट तपासलं, मग कोपर, मग ओला टॉवेल फिरवून पुन्हा कपाळ. मनासारखा आकडा आला तशी ती बसमध्ये चढली.

माझी मुलगी राखीव खेळाडू. तिचं अंग जरासं कोमट निघालं, तर त्याने तिला फाटकातूनच परत पाठवलं. "रिस्क नको, अक्का. आरोग्य मुख्य, अल्वा? हो ना?"

आठवड्याभरात अख्ख्या संघाने अंथरूण धरलं. माझी तेवढी ठणठणीत. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. खोकत खोकत, पण अभिमानाने म्हणाला,

"बघा अक्का, आमच्या तपासणीनं तुमची पोरगी वाचली की नाही?"