मागच्या बाकावरचा मेलेला मुलगा

जुलैमध्ये मुलीच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. "मॅडम, पोरगी रोज येते, पण हजेरीला 'हजर' म्हणत नाही. तोंड पाहून मी किती दिवस मांडू?"

मी स्वतः काटोलकडच्या एका शाळेत शिकवते, त्यामुळे कारण शोधावं लागलं नाही. नववीत असताना, दिवाळीच्या आधी, तिची मैत्रीण डेंग्यूने गेली. दोघींची आडनावं हजेरीत एकामागोमाग. पहिलीपासून नंबर शेजारी, परीक्षेचे बाक शेजारी. मैत्रीही तशीच जमलेली. वर्ष संपेपर्यंत त्या नावावर लाल रेघ होती आणि मैत्रिणीचा तेवीस नंबर रिकामा होता. दहावीला नवी हजेरी आली, नंबर वर सरकले आणि तेवीस माझ्या मुलीला मिळाला. मीही दर वर्षी असेच नंबर सरकवते. त्यात कुणाला काही लागत असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"हजर म्हणायला तुझं काय जाते वं?" मी विचारलं. ती ताट उचलून आत गेली.

त्या दिवसांत ती सारखी मोबाइलवर काहीतरी पाहायची. एका संध्याकाळी मी बरबटीच्या शेंगा मोडायला घेऊन शेजारी बसले.

"काय पाहून राहिली?"

"अ‍ॅनिमे. जपानी कार्टून आहे. एका वर्गाला शाप असते. एकेक पोरगं मरते."

"दुसरं काही नाही भेटलं तुले?"

"तू नको ना पाहू मग."

मी पाहिलं. रोज दोन याप्रमाणे बाराही भाग पाहिले. मालिका सुमार होती. पहिल्या भागातला रिकामा जिना तेवढा अंगावर आला. पुढे नुसतं रक्त, आणि घाबरायचं म्हणजे सगळ्यांनी डोळे मोठे करायचे. कुणी मेलं की दुसऱ्या दिवशी वर्ग पुन्हा भरायचा, गणिताचा तास सुरू.

तिसऱ्या भागात एक चष्म्याचा मुलगा पोहण्याच्या तलावात बुडून मेला. पाचव्या भागात मुलीने एकदम चित्र थांबवलं.

"आई, हा पाहा! मागच्या बाकावर. हा तर मेला होता ना?"

तोच होता. चष्मा, हातात पेन. तिने तीनदा मागे नेऊन दाखवलं.

"म्हणजे मेलेले वर्गातच राहतात. कुणाला दिसत नाही फक्त. शेवटी सांगतीन पाहा."

इतकं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. त्यानंतर प्रत्येक भागात आम्ही मागचा बाक शोधायचो. सातव्यात तो दिसला. नवव्यातही. मी शेंगा मोडायचं थांबवून पाहायला लागले होते.

बाराव्या भागात कळलं, शाप एका जुन्या मुख्याध्यापकाचा होता. आरसा फोडला, शाप संपला, उरलेली मुलं गच्चीवर डबे खात बसली. चष्म्याच्या मुलाबद्दल अवाक्षर नाही. मालिका पाहणाऱ्यांनी काय लिहिलंय ते मुलीने घाईने शोधलं.

"काय म्हणतात?"

"चूक आहे म्हणे. जुनंच चित्र परत वापरलं. वेळ नव्हता त्यांना." तिने मोबाइल पालथा ठेवला. "काहीच नव्हतं, आई."

मग ती रडली. मैत्रीण गेली तेव्हाही रडली नव्हती. मी टोपली बाजूला ठेवली आणि तिचं होईपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिच्या शाळेत गेले. वर्गशिक्षिका भली बाई. म्हणाली, "वहीत तेवीसच राहील. पुकारताना तो नंबर गाळते." उपाय सापडला म्हणून मी समाधानाने घरी आले.

चार दिवसांनी मुलगी म्हणाली, "मॅडमला सांग, गाळू नका. बावीस झालं का त्या थांबतात. मग सगळा वर्ग वळून माह्याकडे पाहते."

"मग काय करू म्हणते?"

"मीच म्हणीन हजर."

आणि म्हणायला लागली. आवाज बारीक असतो, पण म्हणते, असं शिक्षिकेने कळवलं. तिच्या शाळेचा प्रश्न मिटला होता. सकाळी डबा भरताना मी म्हटलं, "दोन-चार दिवस जड जाईल. मग सवय होते."

"तेच तर नको होतं मले," ती म्हणाली आणि डबा दप्तरात कोंबून निघाली.