आत्यानं पेटवलेला गहू

मार्च लागला की माझी आत्या माणसांच्या खिशांकडे बघायची. ओसरीवर कोणी येऊन टेकला की पाण्याचा तांब्या नंतर, आधी तिचा हात पुढे. "माचीस काढ." घरी जाणाऱ्याला ती लगेच परत मिळे, जंगलाकडे निघालेल्याला संध्याकाळी. पारशिवनीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या तिच्या गावात तिला सगळे फायर ब्रिगेड म्हणत. ती दिसली की पोरं ओरडायची, "सरका रे, गाडी आली!" ती हसायची आणि पोरांचेही खिसे तपासायची.

परीक्षा संपली की बाबा मला नागपुरातल्या जरीपटक्याहून तिच्याकडे नेऊन सोडत. मला बोलायला फारसं जमत नाही, तेव्हाही जमत नव्हतं. गावातल्या बायका विचारत, "ही पोरगी मुकी हाय का वं?" आत्या म्हणायची, "मुकी काहून असन? पाहून राहिली थे. घरात एक माणूस पाहणारं लागते."

शाळेच्या इंग्रजी पुस्तकातला वसंत कोवळा आणि ओलसर असे. आत्याच्या गावचा वसंत म्हणजे पायाखाली कुरकुरणारी पानं. त्याच दिवसांत मोहाची फुलं गळतात आणि पहाटेच सगळं गाव टोपल्या घेऊन वेचायला जातं. वाळक्या पानांत फुलं दिसत नाहीत, म्हणून बहुतेक जण झाडाखालची पानं पेटवून देत; मग काळ्या जमिनीवर फुलं कशी स्वच्छ दिसतात. आत्या मात्र खराटा घेऊन झाडायची. शेजारच्या मोहाचे मालक नामदेवकाका तिला रोज चिडवायचे. "ताई, अख्खं जंगल झाडतं का? सरकार पगार देऊन राहिलं का तुले?"

"तुह्या झाडाच्या बुडाले चटके लागून राहिले, त्याले विचार काही."

दुपारी डोंगरावर ढग जमले की मला बरं वाटायचं. उकाडा कमी होणार. आत्या मात्र दारात येऊन, पदराचं टोक बोटांत धरून उभी राहायची. टोक फडफडलं की चेहरा बदलायचा. "पाणी मागून येते वं. आधी वारा येते, अन् तो कोरडा येते."

मी कॉलेजात असताना तो तसाच आला. नामदेवकाकांनी सकाळी पानं पेटवली होती आणि विझली समजून ते घरी आले होते. कुठल्याशा मुळात निखारा राहिला असावा. दुपारी ढग आले, डोंगरावरून वारा सुटला आणि वाळक्या गवतातून धुराची एक लांब रेघ गावाकडे निघाली.

जंगल आणि गाव यांच्या मध्ये आत्याचं वावर होतं. त्यात कापणीला आलेला गहू. वावराच्या अलीकडे बैलगाडीची वाट, वाटेला लागून गोठे आणि चाऱ्याचे ढीग, मग घरं. पुरुष ओल्या फांद्या घेऊन आगीकडे धावले. आत्यानं ओरडून त्यांना मागे बोलावलं. मग ती गव्हाकडे बघत राहिली. फार वेळ नाही, पण तेवढ्यात मी तिचा चेहरा पाहिला.

"माचीस आण," ती मला म्हणाली.

तिनं बायकांना ओली पोती देऊन वाटेवर ओळीनं उभं केलं आणि वाटेकडच्या कडेनं स्वतःचा गहू पेटवला. वाऱ्याच्या उलट जायचं म्हणून तिची आग हळूहळू जंगलाच्या दिशेनं सरकत होती. ठिणग्या मात्र आमच्याकडे उडत होत्या, आणि पडेल तिथे आम्ही त्या पोत्यानं बडवत होतो. "घराकडं पाहू नका वं! पोरं आपापल्या आजीपाशी हायेत. समोर पाहा!" आत्या ओळीच्या या टोकाहून त्या टोकाला पळत होती. जंगलातली आग वावरापर्यंत पोचली तेव्हा तिथं जळायला काहीच उरलं नव्हतं. आत्या तिथंच बसली. थोड्याच वेळात गारा पडल्या आणि तापलेल्या मातीवर फसफसायला लागल्या.

त्या गारांनी गावातला उरलेला गहू झोपवला. पंचनाम्याला तलाठी आले. ते भले माणूस होते. आत्याचं काळं वावर बघून म्हणाले, "बाई, तुमचंही गारपिटीतच लिहितो. भरपाई मिळेल."

बाबा नागपूरहून आले होते. ते हळूच म्हणाले, "ताई, हो म्हण. वर्षभर खाशील काय?"

"गारा पडल्या तवा माह्या वावरात गहू नव्हता," आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी पेटवला. तसंच लिवा."

"मग काहीच मिळणार नाही, बाई."

"नका देऊ. गारांनी नेला म्हणून लिवलं, तर या पोरी काय समजतीन? गाव नशिबानं वाचलं? उद्या मी नसन, वारा तर असनच."

पहिली आग कोणाची, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्यानं ते नाव एकदाही घेतलं नव्हतं. मागून नामदेवकाका पुढे आले. "सायेब, मोहाखालची आग माही होती. तेबी लिवा."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "उशीर केला गा," एवढंच म्हणाली आणि त्यांना बसायला जागा दिली.

त्या वर्षी तिच्याकडे ज्वारीची भाकर असायची, सणालासुद्धा. पाहुण्यांनी पोळीची वाट बघितली, तर ती ताट पुढे सरकवत मोठ्या तोऱ्यात सांगायची, "गहू पेटवला मी!"

आत्या आता नाही. मी अजूनही अनोळखी माणसांत मागेच उभी राहते. पण परवा नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानात त्या गावच्या एक बाई भेटल्या आणि मला निरखत म्हणाल्या, "तू कोणाची वं?" मी बाबांचं नाव सांगितलंच नाही.

"गहू पेटवला ना जिनं," मी म्हणाले, "तिची भाची." दुकानातले दोघे-तिघे वळून बघायला लागले, इतक्या मोठ्यानं.