पुढे केलेले हात

आमच्या कोकणातल्या गावी सिनेगॉगमध्ये प्रार्थना संपली की शेजारच्याच्या हातांना हात लावून मग आपली बोटं ओठांना टेकवतात. परवा दारातून पाहिलं, तर शालोमकाका रिकाम्या बाकापुढे दोन्ही हात पुढे करून उभे होते. गावातले बाकी सगळे ज्यू केव्हाच इस्रायलला गेले.

समोरच्याला मनापासून ‘तू’ म्हटल्यावरच माणूस ‘मी’ होतो, असं सांगणाऱ्या ज्यू तत्त्वज्ञाचं पुस्तक मला काकांनीच दिलेलं. पण समोर कुणीच उरलं नाही तर? त्या पुस्तकात मला उत्तर सापडलेलं नाही.

“इथे धाकटा भाऊ बसायचा,” काका म्हणाले.

न राहवून मी आत जाऊन हात पुढे केले. काकांनी त्यात सिनेगॉगच्या कुलपाची किल्ली ठेवली.

“आता दार लावलं की पुन्हा उघडू नकोस.”